दादांच्या नंबरावर आलेला कोड

आमच्या घरात अर्ज कुणाचाही असो, मोबाइल नंबराच्या रकान्यात दादांचाच नंबर पडायचा. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात, शेती बघतात. खानदानात पहिला मोबाइल त्यांनी घेतला आणि तेव्हापासून ही रीतच पडली. रेशन कार्ड, गॅसची टाकी, पीकविमा, पुतण्याची शिष्यवृत्ती, माझ्या लग्नाच्या हॉलची पावती, सगळीकडं तेच दहा आकडे. घरात मोठं माणूस असताना स्वतःचा नंबर देणं आगाऊपणाचं वाटायचं. दुकानदारानं "नंबर सांगा" म्हटलं की आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा दादांचा नंबर घडाघडा म्हणून दाखवायचं.

पुढं ओटीपी नावाचं प्रकरण आलं आणि दादांची ड्यूटी वाढली. कुणाचाही आकडा येवो, दादा हातातलं काम टाकून त्याला फोन लावायचे. पुतण्या पुण्यात नोकरीला लागला, पण त्यानं दुपारी काही खायला मागवलं तरी त्याचा आकडा गावाकडं, रानात उभ्या असलेल्या बापाच्या खिशात वाजायचा. दादा आकडा सांगायचे आणि वर विचारायचे, "आज बी भायेरचंच खाऊन राहिलास का?" त्या बिचाऱ्याची भूकच मरत असेल.

मी नांदेडला एका शाळेत शिक्षक आहे. संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याकडं, म्हणून सायबर सुरक्षेचं व्याख्यानही माझ्याच गळ्यात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. "ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, सख्ख्या भावालासुद्धा नाही," असं मी हात वर करून म्हणायचो आणि पोरं हसायची. मग मी ते वाक्य आमच्या फॅमिली ग्रुपवरही टाकलं होतं. साठ-पासष्ट माणसं होती त्या ग्रुपवर, आणि त्यातला शहाणा मी एकटाच, असा माझा पक्का समज होता.

चार वर्षांपूर्वी दादांनी त्या ग्रुपवर एक लिंक टाकली. शाळकरी मुलींना मोफत लॅपटॉप. खाली लिहिलं होतं, आपल्या लेकीसाठी भरून ठेवा. आपली लेक म्हणजे माझी लेक. ती तेव्हा दहावीच्या अलीकडं होती. मी ऑफ तासाला स्टाफरूममध्ये बसलो होतो. वाचलं आणि डोकं सटकलं. मी लिहिलं, "दादा, खात्री केल्याशिवाय टाकत जाऊ नका. हे फेक आहे. अडाणी माणसंच असल्या लिंकला फसतात." पाठवलं आणि चहा प्यायलो. चहा छान लागला, हेही आठवतं.

दादा सातवी शिकलेले. त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. पण एका चुलतभावानं लिहिलं, "मास्तर लई शिकले." मग दुसऱ्यानं हसण्याचं चिन्ह टाकलं, तिसऱ्यानं हात जोडले. अर्ध्या तासात सगळा ग्रुप माझ्या अंगावर आला आणि मी तणतणत ग्रुप सोडला. दादांचा फोन येईल म्हणून वाट पाहिली. तो आला नाही. मी केला नाही. एका लग्नात समोरासमोर आलो तर मी ताटातल्या भाताकडं बघत बसलो.

त्यानंतर मी एक काम फार नेटानं केलं. एकेक खातं उघडून दादांचा नंबर काढला आणि माझा टाकला. बायकोला सांगितलं, सुरक्षेच्या दृष्टीनं. तिनं माझ्याकडं जरा बघितलं आणि भाजी निवडायला लागली. लोकांची वाटणी जमिनीवरून होते, आमची नंबरांवरून झाली. वर हट्टानं माझं जुनं सिमही टाकून नवं घेतलं. सगळं झालं असं वाटलं. पुढं एका ठिकाणी तो नंबर पुन्हा पडला, ते मला माहीत नव्हतं.

लेकीची परीक्षा झाली. त्याआधीची दोन वर्षं ती लातूरला होस्टेलवर होती, मेडिकलच्या क्लाससाठी. तिथं स्मार्टफोनला बंदी, बटनांचा साधा फोन तेवढा चालायचा. दोन वर्षं तिनं दिवाळीलासुद्धा पुस्तक खाली ठेवलं नाही. मार्क चांगले पडले. अगदी वरचे नाहीत, पण कॉलेजांचा पसंतीक्रम नीट भरला तर सरकारी जागा मिळेल असे. मी खूश होऊन तिला नवा फोन घेतला. तिचा घरी ठेवलेला जुना दुकानात देण्याआधी त्यातलं सगळं, तिचा मेलसुद्धा, पुसून टाकलं. जुन्या फोनमध्ये आपलं काही ठेवू नये, हेही मीच शाळेत शिकवतो. नवा फोन घाईघाईत माझ्याच खात्यावर सुरू करून दिला.

पसंतीक्रम पक्का करायचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत. यादी आम्ही चार दिवस खपून लावली होती. बायकोनं देवापुढं दिवा लावला, लेकीनं यादी पुन्हा एकदा वाचली आणि शेवटचं बटन दाबलं. पडद्यावर आलं, तुमच्या मेलवर कोड पाठवला आहे, तो भरा.

लेकीनं नव्या फोनवर तिचा मेल उघडला. पासवर्ड बरोबर होता. पण फोन अनोळखी, म्हणून मेलनं विचारलं की हे खरंच तुम्हीच आहात का, आणि खात्री करायला नोंदवलेल्या मोबाइलवर आणखी एक कोड पाठवू का. तिनं हो म्हटलं. मग मला विचारलं, "पप्पा, शेवटी सत्तेचाळीस कुणाचा नंबर आहे?"

शेवटी सत्तेचाळीस असलेला नंबर जगात मला एकच पाठ होता.

मग उलगडा झाला. दहावीच्या सुट्टीत ती गावाकडं गेली होती. भांडण माझं होतं, तिचं नव्हतं, म्हणून मी अडवलं नव्हतं. तेव्हा कसला तरी दाखला काढायला दादा तिला मुखेडला घेऊन गेले. अर्ज भरून देणाऱ्या दुकानदारानं तिचं मेलचं खातं उघडलं, नंबर विचारला, आणि शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मोठ्या बाबांनी, म्हणजे दादांनी, नेहमीसारखा आपला नंबर सांगितला. यात कुणाचं काय चुकलं? तरीही त्या दुकानदाराला मी मनात नको नको ते बोललो.

साडेदहा झाले होते. मी दादांना फोन लावला. चार वर्षांनी ते दहा आकडे बोटांना आपोआप आले.

"दादा, मी बोलतोय."

"मी म्हंजे कोण?"

"धाकटा. नांदेडहून."

"आवाज तर तसाच हाय," दादा म्हणाले.

"दादा, तुमच्या फोनवर आत्ता एक कोड आला असेल बघा. तेवढा सांगा. लेकीच्या ॲडमिशनचं काम अडलंय. पाचपर्यंतच वेळ आहे, घाई करा."

बोलता बोलताच माझं बोलणं माझं मलाच ऐकू आलं. घरच्या माणसाचा आवाज, लेकराचं काम, वेळ थोडा, कोड सांगा. फसवणारे अगदी असंच बोलतात म्हणून मी फळ्यावर लिहून देतो.

"आजकाल लोक दुसऱ्याचा आवाज बी काढून राहिलेत," दादा म्हणाले. "आनि ह्या नंबराला माझ्या फोनात नाव न्हाई."

"दादा, नंबर बदललाय माझा. मीच आहे हो!"

"माझा भाऊ असशील तर एक सांग. माझं आपरेशन कशाचं झालं?"

मी गडबडलो. "ऑपरेशन? तुमचं कुठलं ऑपरेशन झालंय?"

दादा म्हणाले, "बग. भाऊ असता तर ठाव असतं. ओटीपी सख्ख्या भावाला बी सांगायचा नसतो. ठेव फोन."

पुन्हा लावला तर कट केला. त्यानंतर लागेचना. मला ब्लॉक केलं होतं. बायकोच्या फोनवरून लावला, तो उचलला नाही. वहिनींकडं फोन नाही. पुण्याच्या पुतण्याला लावला, नुसती रिंग गेली. लेक पुन्हा कोड मागवायला निघाली तेव्हा मी ओरडलो. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की फार वेळा प्रयत्न केल्यास खातं काही काळ बंद होईल. "कशाला हात लावू नकोस," मी म्हटलं, "मी गावाला जातो. तिथून सांगेन तेव्हाच दाब." दोन वर्षांत लातूरहून एकदाही रडून फोन न करणारी पोर नखं खात बसली होती.

मोटारसायकल काढली. नांदेड ते आमचं गाव, पावसानं रस्ता खराब नसेल तर दोन तास. रस्ता खराबच होता. नायगावच्या पुढं दोन्ही बाजूंना सोयाबीन उभं होतं, ते एरवी मी बघत जातो, त्या दिवशी फक्त घड्याळ बघत होतो. दादा रानात गेले असतील तर? फोन घरी ठेवून मुखेडच्या बाजारला गेले असतील तर? फोनची बॅटरी उतरली असेल तर? आणि समोर जाऊनही नाही म्हणाले तर? ज्याला सगळ्या भाऊबंदांसमोर अडाणी म्हटलं त्यानं माझं का ऐकावं?

त्याच्याही खाली दुसरा एक प्रश्न होता, तो मी दाबत होतो. ऑपरेशन कशाचं? शाळेत मीच सांगतो, संशय आला तर समोरच्याला एखादा खोटा प्रश्न टाका, जे झालंच नाही त्याबद्दल विचारा. खरा माणूस म्हणेल, असं काही झालंच नाही. दादांनी तसंच केलं असेल, असं मी स्वतःला नरसी गावापर्यंत समजावत आलो. मग लक्षात आलं की तसं असतं तर माझं उत्तर बरोबर होतं आणि दादांनी मला कोड दिला असता. पेट्रोल भरल्यावर मी पैसे दोनदा द्यायला निघालो. पंपावरच्या ओळखीच्या माणसानं विचारलं, "काय झालं मास्तर, कोणी आजारी हाय का?" पाचची भीती होती, पण आता तिला जोड मिळाली होती.

सव्वा वाजता घरापुढं गाडी लावली. वहिनी दारात आल्या. "भावजी?" म्हणाल्या आणि पदरानं हात पुसत तशाच उभ्या राहिल्या. "या, आत या."

दादा ओसरीत खाटेवर बसले होते. अंगानं निम्मे झाले होते. उकाड्यानं सदऱ्याची बटनं उघडी होती आणि गळ्याखालून छातीच्या मधोमध एक लांब उभी खूण खाली गेली होती. कशाचं ऑपरेशन, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती. मी चपला काढायच्या विसरून तसाच ओसरीत शिरलो.

"म्हंजे खरंच तूच होतास व्हय फोनवर?" दादा म्हणाले.

"मीच होतो. दादा, हे कधी..."

"ते ऱ्हाऊ दे. पोरीचं काय अडलं ते आधी बोल. पाच म्हणलास न्हवं?"

त्यांनी उशाखालून फोन काढला. त्याला सकाळी ओसरीत आलेली रेंज आता गेली होती, ती गच्चीवर गेल्यावरच यायची. दादा खाटेचा आधार घेऊन उठायला लागले तशा वहिनी आतून कडाडल्या, "जिना चढायचा न्हाई म्हणलंय डाक्टरनं! किती बार सांगू?" दादा पुन्हा बसले. फोनचं कुलूप उघडून त्यांनी तो सरळ माझ्या हातात दिला. खात्रीबित्री काही केली नाही.

मी गच्चीवर गेलो. एका कानाला माझा फोन, दुसऱ्या हातात दादांचा. लेकीला म्हटलं, दाब. ती म्हणाली, दाबलं. दादांच्या फोनवर काहीच येईना. रेंजची एक काडी दिसायची, जायची. मी गच्चीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरलो, पाण्याच्या टाकीवर चढलो. "पप्पा, पुन्हा दाबू?" तिनं विचारलं. "नको, नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. आणि मग फोन थरथरला. सहा आकडे. मी ते तीनदा वाचून दाखवले.

"उघडलं," लेक म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "कोड भरला." आणखी थोड्या वेळानं, "पप्पा, झालं. यादी पक्की झाली." पलीकडं बायकोचा रडण्याचा आवाज आला. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी टाकीवरून उतरलो आणि जिन्यात बसून राहिलो.

खाली आलो तेव्हा लेक अजून फोनवरच होती. "मोठ्या बाबांना सांगा झालं म्हणून," ती म्हणाली, म्हणून मी फोनचा स्पीकर चालू केला. दादांनी ऐकलं आणि डोळे मिटून हात जोडले.

मी वहिनींना हळूच विचारलं, "कुठं केलं हे?"

"नांदेडातच की. नऊ दिवस होतो तिथं. तुमचं घर लांब न्हाई म्हणले हे तिथून."

मला राग आला. सवयीचा राग, दुसरं काही सुचत नसलं की येतो तो. "अन् मला कुणी कळवलं नाही? साठ माणसांतल्या एकालाही फोन करावासा वाटला नाही?"

"ग्रुपवर टाकलं हुतं," वहिनी म्हणाल्या. मग दादांचा फोन माझ्या हातून घेतला, बोटानं ग्रुप वर वर सरकवत गेल्या, बराच वेळ, आणि माझ्यापुढं धरला.

पुतण्यानं टाकलेला फोटो होता. दादा दवाखान्याच्या पलंगावर, नाकाला नळी. खाली जोडलेल्या हातांची रांगच. त्याच्या खाली दादांनी स्वतः लिहिलेला मेसेज होता. ते नेहमी एका बोटानं लिहितात, एवढं लिहायला त्यांना किती वेळ लागला असेल. "धाकट्याला आत्ता कुणी सांगायचं नाही. लेकीची परीक्षा तोंडावर आहे. ऐकलं की तो सगळं सोडून धावत येईल, लेकराचं मन लागणार नाही. परीक्षा झाली की सांगा."

"परीक्षा झाल्यावर कुणी ना कुणी सांगितलंच असंल असं आमी धरून चाललो," वहिनी म्हणाल्या. "जो तो म्हणायचा, दुसऱ्यानं सांगितलं असंल. ह्यांनी मात्र रोज दाराकडं तोंड करून खाट टाकली. म्हणायचे, कळलं असंल आता, यील."

परीक्षेला तीन महिने होऊन गेले होते. तीन महिने ते मला सगळं माहीत आहे असं धरून वाट बघत होते, आणि सकाळी मी त्यांनाच विचारलं होतं, तुमचं कुठलं ऑपरेशन झालंय. मला दादांकडं बघवेना. मी त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी खाली बसलो आणि रडलो. चाळिशी उलटलेला मास्तर, चपलांसकट ओसरीत बसून.

"पप्पा," फोनमधून लेक म्हणाली. ती अजून तिथंच होती. "मेल विचारतंय, हा मोबाइल नंबर बरोबर आहे का, की बदलायचा? तुमचा टाकू का?"

दादाच बोलले. "बदल बेटा. माझं काय खरं हाय आता."

मी वर्गात शंभरदा सांगितलंय, खात्याला नंबर स्वतःचाच हवा. "काही बदलू नकोस," मी म्हटलं. "मोठ्या बाबांचाच राहू दे."

दादांनी सदऱ्याची बटनं लावली. सावकाश, खालून वर. "बग बरं," ते म्हणाले, "पुन्यांदा आकडा आला तर मी फोनवर सांगणार न्हाई. घ्यायला हितं यावं लागंल."

"हाव, येतो," मी म्हटलं.